वाटप नको, तरतूद पाहिजे: पाळीच्या विषयावर ग्रामसभेत आणि आमदारांकडे नेमकं काय मागायचं?

पोडाकडची_ताई (यवतमाळ जिल्हा) विचारते:

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात बचत गटांची सीआरपी आहे, म्हणजे गटांच्या मिटिंगा घेणं, वह्या तपासणं, बँकेत बायांसोबत जाणं हे माझं काम. विषय थोडा अवघड आहे पण आता बोललंच पाहिजे म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि चारच दिवसांत सातवीतल्या एका मुलीला वर्गात पाळी आली. पहिलीच वेळ. मुलींच्या संडासला कुलूप, चावी ऑफिसमधे सरांच्या टेबलाच्या खणात. आता सातवीतली मुलगी सरांना जाऊन काय सांगणार? तिने ओढणी कमरेला बांधली, दप्तर मागे धरलं आणि सरळ पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, चालत गेली, अडीच किलोमीटर. त्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. तिची आई आमच्या गटात आहे, तिने मिटिंगमधे हे सांगितलं आणि मग काय, एकीचं झालं की दुसरी बोलत होती, दोन तास गेले, कर्जाचा विषय निघालाच नाही त्या दिवशी.

सगळ्या कापूस वेचायला जाणाऱ्या बाया आहेत. सकाळी सातला जायचं, पाचला परत. वावरात आडोसा म्हणजे तुरीच्या ओळी, त्यापण दाट असल्या तर. एकच कापडाची घडी दिवसभर, मांड्या सोलून निघतात. घरी येऊन बदलायचं म्हटलं तर वेचणी किलोवर असते, तेवढा वेळ गेला की तेवढी मजुरी गेली. एक काकू म्हणाली की मी पंचवीस वर्षं झाली त्या चार दिवसांत पाणीच पीत नाही, म्हणजे जायला लागत नाही. मी स्वतः त्याच गावात वाढले आणि मला हे माहीत नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडे काहीच होत नाही असं नाही. दरवर्षी 8 मार्चला कोणीतरी पॅडचे खोके घेऊन येतं, बॅनर लावतात, मुलींना रांगेत उभं करतात, एकेक पाकीट हातात देऊन फोटो काढतात. एक पाकीट म्हणजे एक महिना. एप्रिलमधे काय करायचं? मधे आमच्या गटामार्फत स्वस्तात पॅड विकायला यायचे, तेही काही महिन्यांनी यायचे बंद झाले, का ते कोणी सांगितलं नाही.

तर आमच्या अकरा जणींचं ठरलंय की हा विषय ग्रामसभेत मांडायचा आणि डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन सुरू व्हायच्या आधी आमदारांना निवेदन द्यायचं. पण आम्हाला कळत नाहीये की मागायचं काय. पॅड मागायचे? संडास मागायचा? कायदा मागायचा? असा काही कायदा आधीच आहे का? आणि शेवटचं, ग्रामसभेत हा शब्द काढला की मागची पोरं हसतात आणि मोठी माणसं उठून जातात, तेव्हा बोलायचं कसं? ज्यांनी कुठे असं केलंय त्यांनी सांगा.


वकीलताई_वर्धा:

ताई, आधी त्या मुलीला शाळेत परत आणा, बाकी सगळं त्याच्यानंतर. चावीसाठी ना ग्रामसभा लागते ना आमदार. शाळा व्यवस्थापन समिती असते बघा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यात तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि समितीत निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींचे संडास वेगळे असावेत आणि पिण्याचं पाणी पुरेसं असावं असं लिहिलंय. कुलूप लावलेला संडास म्हणजे संडास नाही हे समितीच्या वहीत लिहून घ्या आणि सह्या घ्या.

आता कायद्याचं. पाळी या विषयावर आपल्या देशात एकच असा, संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यात आहे. 2011 पासून केंद्राची योजना आहे, आशाताईंकडून 6 रुपयांत 6 पॅड. आपल्या राज्यात 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड, बचत गटांमार्फत. 2019 पासून जनऔषधी केंद्रात पॅड 1 रुपयाला आहे, पण जनऔषधी केंद्र तुमच्या गावापासून किती लांब आहे ते तुम्हीच सांगा. सुप्रीम कोर्टात डॉ. जया ठाकूर यांची याचिका होती, तिच्यात 10 एप्रिल 2023 ला कोर्टाने केंद्राला सांगितलं की सगळ्या राज्यांसाठी एकसारखं धोरण करा.

आता या सगळ्यात एक गोष्ट नीट बघा, योजना शासन निर्णयावर चालते, ज्याला आपण जीआर म्हणतो. जीआर निघतो तसा दुसरा जीआर काढून बदलता येतो, किंवा तो तसाच राहतो आणि पैसाच येत नाही. तुमचे पॅड यायचे बंद झाले तेव्हा कोणीच जबाबदार नव्हतं, कारण कोणावरच ते देण्याचं बंधन नव्हतं. कायद्यात शब्दाला किंमत असते. "शासन पुरवू शकेल" आणि "शासन पुरवील" या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक दिसतो पण पहिल्यात मर्जी आहे आणि दुसऱ्यात कर्तव्य. स्कॉटलंडने 2021 मधे कायदा केला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो लागू झाला, त्यात तिथल्या स्थानिक संस्थांवर बंधन टाकलंय की ज्याला गरज आहे त्याला ही साधनं फुकट मिळाली पाहिजेत, शाळांवरही तसंच बंधन. तो देश श्रीमंत आहे वगैरे मला मान्य आहे, पण मी पैशाबद्दल बोलत नाहीये, कोणावर बंधन टाकलं ते महत्त्वाचं.

आणि असं मागून काही होत नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना जीएसटीची गोष्ट सांगा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्यांवर शून्य कर होता आणि पॅडवर 12 टक्के. बायांनी सह्या गोळा केल्या, मोहिमा चालवल्या, लोक कोर्टात गेले, आणि जुलै 2018 मधे कर काढावा लागला. एक वर्षात. (त्यातही एक गोम राहिली, पॅडवर कर नाही म्हणून कच्च्या मालावर भरलेला कर बनवणाऱ्याला परत मिळत नाही, त्यामुळे भाव म्हणावे तेवढे उतरले नाहीत. म्हणून मागणी लिहिताना पुढचं पण बघून लिहा.)


आशा_वऱ्हाडची:

वकीलताई बरोबर सांगून रायल्या. मी आशा आहो, बारा वर्सं झाले, मले जे दिसते ते सांगते.

पयले तं पॅड पॅड करू नका फक्त. पोट्ट्याइले पॅड देले अन शाळेत पानीच नाही तं ते बदलतीन कुठी अन हात धुतीन कायनं? अन वापरलेलं टाकतीन कुठी? आमच्या गावात पोरी ते पेपरात गुंडाळून दप्तरात घालून घरी नेतात अन रात्री उकिरड्यात पुरतात, कुत्रे उकरून काढतात, मग बोंब होते अन आजी म्हणते बंद कर हे पॅडचे थेरं. झालं, पुन्हा कापड.

दुसरी गोष्ट. जास्त करून योजना शाळेच्या वयाच्या पोरीसाठी हायेत. शाळा सुटली का बाईची पाळी बंद होते का? सरकारचा तो मोठा सर्वे रायते ना कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019 ते 21 चा, त्यात पाळीत काय वापरता हा प्रश्न 15 ते 24 वयाच्या बायाइलेच इचारला. त्यात बी निम्म्या बाया कापड वापरतो म्हनाल्या. पंचवीसच्या वरच्या बाईले तं कोनी इचारलंच नाही. मले हे समजलं तवा लय राग आला. जे बाई वावरात राबते तिची गिनतीच नाही. ताई तुमच्या गटातल्या काकू पंचवीस वर्सांपासून पानी पीत नाही म्हनता, तिले लघवीची जलन होत असन, पोट दुखत असन, ते सांगत नाही एवढंच. तिले उपकेंद्रात घेऊन जा.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. रानीताई बंग यांनी दोन गावातल्या 650 बाया तपासल्या होत्या, 1989 मधे ते छापून आलं लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी पत्रिकेत. शंभरातल्या 92 बायाइले बाईपनाचा काही ना काही रोग होता, अन त्याच्या आधी तपासनी झालेल्या फक्त 8. हे वाचून दाखवा ग्रामसभेत. हासनारे गप होतात, मी पायलं आहे.

अन कायद्याचं म्हनान तं चंद्रपूरचं पाहा. 2010 मधे बाया चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी आल्या अधिवेशनावर, दारूबंदी पाह्यजे म्हनून. पाय सुजले पन आल्या. 2015 ले दारूबंदी झाली. अन 2021 ले उठली. सरकारनं ठरवलं तं झाली, सरकारनं ठरवलं तं उठली. म्हनून मी म्हनते का जे मागसान ते पक्कं मागा.


ग्रापं_सदस्य_अमरावती:

मी पुरुष आहे, ग्रामपंचायत सदस्य आहे, दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात हा विषय आला तेव्हा मीसुद्धा मान खाली घालून बसलो होतो आणि त्याची मला आजही लाज वाटते म्हणून इथे जे माहीत आहे ते देतो.

ताई, थेट ग्रामसभेत जाऊ नका. आपल्याकडे नियम आहे की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, महिला ग्रामसभा. बऱ्याच गावांत ती कागदावर होते, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. तुम्ही ग्रामसेवकाला लेखी द्या की ती खरोखर घ्या आणि आम्ही सगळ्या येणार आहोत. तिथे हसायला कोणी नसतं. ठराव तिथेच मंजूर करून घ्या, मग ग्रामसभेत फक्त वाचायचा असतो, आणि वाचायला एकटीने उभं राहू नका, अकराच्या अकरा उभ्या राहा. आमच्या गावात सतरा जणी उभ्या राहिल्या होत्या, कोणीही उठून गेलं नाही.

पैसा नाही असं सरपंच म्हणतील, म्हणतातच. तेव्हा दोन गोष्टी विचारा. एक, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर केले? आमच्याकडे त्यातून सतरंज्या घेतल्या होत्या. दोन, 15व्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, त्यातून शाळेच्या संडासपर्यंत नळाची लाईन का गेली नाही? ती काही फार मोठी रक्कम नसते, टाकी गच्चीवर असते आणि पाईप फुटलेला असतो, बस.

उत्तर देत नसतील तर माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या बाईने अर्ज केला तर तेही नाही, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो नाहीतर परत पाठवतात.


बांधावरचा_दादा:

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं बोलतो. तुम्ही फुकट पॅडचा कायदा मागाल, मिळेलही, पण ते पॅड प्लास्टिकचे असतात. शहरात घंटागाडी येते, आपल्याकडे नाही. दर महिन्याला गावातल्या दोनशे बायांचे पॅड नाल्यात गेले तर काय होईल याचा विचार करा. आपल्या आज्यांनी सुती कापड वापरलं, धुतलं, परत वापरलं. त्यालाच प्रोत्साहन द्यावं असं मला वाटतं.


पोडाकडची_ताई:

दादा तुमचा कचऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, आशाताईंनीही तेच सांगितलं. पण कापडाबद्दल मी तुम्हाला एक सांगू का. कापड वाईट नाही, ते वाळवायला ऊन पाहिजे. आमच्याकडे ते उन्हात कोणी वाळवत नाही, कोणाला दिसलं तर काय म्हणून. लुगड्याखाली वाळतं, गोठ्यात कुडाच्या मागे वाळतं, पावसाळ्यात तर वाळतच नाही, तसंच दमट घ्यावं लागतं. आज्यांनी वापरलं ते आवडीने नाही वापरलं, दुसरं काही नव्हतं. माझी आजी पाळीत बाहेर बसायची, पडवीत, पाऊस आला तरी. तिला कोणी विचारलं असतं तर तिने काय मागितलं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही घरच्या बायांना विचारा, त्यांना काय हवं ते त्यांनी ठरवावं, एवढंच.


वकीलताई_वर्धा:

दादा, कचऱ्यावर तर नियम आधीच केलेला होता. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टण द्यावं असं म्हटलं होतं. मग कचऱ्यासाठी बायांनीच तेवढं लाजायचं का? पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी पॅडसाठीपण आता भारतीय मानक आहे, 2021 पासून. म्हणजे कापड विरुद्ध पॅड असं भांडण लावायची गरज नाही. मागणीत "साधनं" असा शब्द घाला, पॅड, कापडी पॅड, पाळीचा कप, जिला जे हवं ते. आणि विल्हेवाटीची जबाबदारी ग्रामपंचायतीवर घाला.


मास्तर_धानोरा (गडचिरोली):

उशिरा आलो, रेंज नव्हती. मी गडचिरोलीत शिक्षक आहे. तुमच्याकडे पडवी होती, आमच्याकडे कुरमाघर आहे, गावाच्या कडेला झोपडी, पाळी आली की माडिया-गोंड बाईने तिथे राहायचं. पावसाळ्यात खाली ओल, साप-विंचवाची भीती, दार धड नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत हा विषय गेलेला आहे. पण बाहेरून येऊन "हे बंद करा" म्हणणारे आले आणि गेले, कुरमाघर तिथेच राहिलं. जिथे बदल झाला तो असा झाला की बायांना विचारलं. 2021 च्या सुमारास आमच्या तालुक्यात तुकूमला मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने पक्कं घर बांधलं, पलंग, संडास, पाणी, वीज सगळं आत. काही लोक म्हणाले की यामुळे प्रथा आणखी पक्की होईल. माझं मत विचाराल तर प्रथा जायलाच पाहिजे, पण ती जाईपर्यंत माझी विद्यार्थिनी ओल्या मातीवर झोपू नये.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे निवेदन लिहिताना तुमच्या मागण्या तुमच्या गावच्या असू द्या. मुंबईतला मसुदा उतरवून काढू नका. वावरातल्या बाईचं कोणत्याच मसुद्यात नसतं. रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी कायद्याने द्यावी लागते, पण आडोसा त्यात नाही. तो तुम्ही मागा. चार बांबू आणि ताडपत्री, एवढंच लागतं त्याला.

आणि शिक्षक म्हणून एक. वर्गातल्या मुलांनाही सांगा. मी मुलगे-मुली एकत्र बसवून पाळीबद्दल शिकवतो, पहिल्या दिवशी हसतात, तिसऱ्या दिवशी एक मुलगा विचारतो की सर मग आईला त्या दिवशी पाणी भरू द्यायचं नाही का. चावी बाईंकडे ठेवा हे तर झालंच, पण सरांच्या खणात असली तरी मागता आली पाहिजे असं वातावरण करायला शाळेला कोणताच निधी लागत नाही.


पोडाकडची_ताई:

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं वाचून दाखवलं काल मिटिंगमधे. आशाताईंचा 92 चा आकडा ऐकून सगळ्या गप्प झाल्या आणि मग पाणी न पिणारी काकू म्हणाली मले घेऊन चाल दवाखान्यात. शुक्रवारी जातोय.

आज सकाळी आम्ही चौघी शाळेत जाऊन आलो. सर चांगले आहेत, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. चावी आता मुलींच्या वर्गात खिळ्याला लावलीय. पाईप खरंच फुटलेला आहे, सदस्यदादांनी सांगितलं अगदी तसाच, गच्चीवरून खाली येतानाच्या वळणावर. शाळा समितीची बैठक सोमवारी. महिला ग्रामसभेचा अर्ज ग्रामसेवकांना दिला, पोच घेतली. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव वाचायचा, अकरा जणी उभ्या राहणार. ती मुलगी अजून लाजते, रविवारी मी पोडावर जाऊन तिला भेटते, तिच्या वर्गातल्या दोघी येतो म्हणाल्या सोबत.

निवेदन लिहायला घेतलंय. वकीलताई, पहिल्या दोन मागण्या बायांनी जशा बोलल्या तशा लिहिल्यात, बघा:

"आमच्या शाळेतला मुलींचा संडास शाळा सुरू असेल तेवढा वेळ उघडा राहावा, त्यात पाणी असावं, आतून कडी असावी, आणि जिला लागेल तिला तिथेच साधन मिळावं, कोणाला न मागता. वावरात आणि रोजगार हमीच्या कामावर बाईला आडोसा आणि पाणी मिळावं, आणि त्यासाठी ती घरी गेली तर तिची मजुरी कापू नये."

यात ते "पुरवील" कुठे कुठे घालायचं ते सांगा, आम्ही रात्रीच फेर लिहून काढतो.